सुट्टीच्या दिवसाचा दर

माझी मेहुणी विमान चालवते. घरात तिला सगळे धाकटी म्हणतात. आपल्या विमानाची कॅप्टन कुणाची तरी धाकटी आहे हे कळलं तर निम्मे प्रवासी उतरून जातील, असं मी तिला चिडवतो. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं असतं, "उतरू द्या भावोजी, वजन कमी झालं की इंधन वाचतं."

बेताची उंची, फटकळ तोंड आणि कमालीची चिकाटी. तिच्या दाराशी चाकांची काळी बॅग कायम भरलेली असते. गणवेशाचा शर्ट ती स्वतःच इस्त्री करते, दुसऱ्या कुणाची कॉलर तिच्या पसंतीस उतरत नाही. वैमानिक झाली तीही अशीच. बस चालवणाऱ्या बापाने विमानाच्या शिक्षणासाठी राहतं घर विकलं, तेव्हा नातेवाइकांनी नावं ठेवली. ती एवढंच म्हणाली, "घर मी परत घेईन." आणि घेतलं. तेच नाही, पण त्याच रस्त्यावर, गॅलरी असलेलं.

या घरात माझे सासरे तिच्याजवळ राहतात. गेल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, या वर्षभरात जेवढं परत येईल तेवढं येईल, पुढे अवघड आहे. व्यायाम करून घ्यायला एक बाई येतात. पण सासरे त्यांच्यासमोर डोळे मिटून घोरल्याचं सोंग करतात. माझ्या बायकोलाही तीच वागणूक. चालतात ते फक्त धाकटीचा खांदा धरून, पलंगापासून गॅलरीपर्यंत. "दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग द्यायचं नाही, ही जुनी खोड आहे," असं धाकटी म्हणते. तिच्या सुट्टीचे दिवस म्हणजे त्यांच्या चालण्याचे दिवस.

अशात कंपनीने वैमानिकांसमोर नवा करार ठेवला. तासाचा दर एकदम सव्वापट. मी बातमी ऐकली आणि संध्याकाळी तिच्याकडे जाऊन म्हटलं, "पार्टी कधी?"

"भावोजी, तुम्हीसुद्धा?" तिने माझ्यापुढे चहा जरा आदळूनच ठेवला. "आमच्या पगाराचा मीटर कधी सुरू होतो, माहीत आहे? दार बंद होऊन ब्रेक सुटला की. तिकडे पोचून ब्रेक लावला की बंद. त्याआधी येऊन हवामान बघा, विमान तपासा, उशीर झाला तर बसून राहा, ते सगळं देवाच्या नावाने."

"मग आजवर कसं भागलं?"

"नियमांमुळे. विमानं कमी उडाली तरी महिन्याच्या ठरावीक तासांचे पैसे मिळायचे, ती हमी होती. आणि वेळापत्रकात एकदा सुट्टी लागली की आम्ही हो म्हटल्याशिवाय ती कुणी काढून घेऊ शकत नव्हतं. नव्या करारात दोन्ही गेलं. बोलावलं की जायचं."

मी वाणिज्य शाखेचा. दर आणि नग यांचा गुणाकार करण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं. तरी मी दरालाच भुललो होतो. "म्हणजे दर तुम्हाला दिला," मी म्हटलं, "आणि तास स्वतःच्या मुठीत ठेवले."

"चला, तुमची पदवी अगदीच वाया गेली नाही."

पलंगावरून सासरे एकेक शब्द जुळवत म्हणाले, "आमचा पगार... डेपोत सही केली... की सुरू. गाडी बंद पडली... तरी."

"म्हणून तर तुमच्या गाड्या सारख्या बंद पडायच्या, अप्पा!"

म्हातारा अर्ध्या तोंडाने पण मनापासून हसला.

वैमानिकांच्या संघटनेच्या समितीत धाकटी होती. बाकी सगळ्यांनी कराराला होकार दिला, ती एकटी विरोधात राहिली. आता सर्वांचं मतदान होणार होतं. ज्याच्या त्याच्या मोबाइलवर एकच हिशेब होता, मागच्या महिन्याचे तास गुणिले नवा दर. मागचा महिना ऐन हंगामाचा, विमानांना उसंत नव्हती, हे कुणी ध्यानात घेत नव्हतं. त्या आकड्यावर कुणी गाडी पसंत केली होती, कुणी मोठा फ्लॅट. धाकटी पार्किंगमध्ये, कँटीनमध्ये एकेकाला गाठून बोलत राहिली. लोक लांबून बॅगेच्या चाकांचा आवाज ऐकूनच वाट बदलू लागले.

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी दाट धुकं पडलं. पुढचं मला तिच्या सहवैमानिकाने सांगितलं. कर्मचाऱ्यांच्या खोलीत झाडून सगळे वैमानिक गणवेशात अडकून पडले होते. कॉफीचं यंत्र रिकामं, खुर्च्या कमी. आता मात्र कुणाला पळता येईना. धाकटी खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि तिने सहवैमानिकालाच विचारलं, "काय रे, नवा दर किती मिळणार तुला?"

त्याने आकडा तोंडपाठ सांगितला.

"आणि आत्ता, या मिनिटाला?"

"आत्ता काय? आत्ता... काहीच नाही."

"त्याच्या सव्वापट किती होतं?"

खोलीत हशा पिकला. एक मिशाळ, ज्येष्ठ कॅप्टन मात्र हसला नाही. "मॅडम, धुकं काय रोज पडतं?"

"नाही ना. धुकं पडेल तेव्हा कंपनी तुमचे तास घेईल, कॅप्टन, आणि नसेल तेव्हा सुट्टी."

"स्पष्टच बोलू? तुम्हाला वडिलांसाठी सुट्ट्या हव्यात. त्यासाठी आम्ही वाढीवर पाणी सोडायचं?"

धाकटीने मान हलवली.

"खरं आहे. वडिलांसाठीच भांडतेय. त्यांच्याकडे हे एवढंच वर्ष आहे, आणि हा करार झाला तर मला नोकरी सोडावी लागेल. पण सुट्टीच्या दिवशी वाट बघणारं तुमच्याही घरी कुणीतरी असेलच. नसेल, तर खुशाल दराला मत द्या. मी राग धरणार नाही."

करार नामंजूर झाला, पण काठावर. दोन महिन्यांनी कंपनी नवा प्रस्ताव घेऊन आली. वाढ पहिल्या प्रस्तावाच्या निम्मी, पण तासांची हमी आणि सुट्टीचा नियम जसेच्या तसे. तो पास झाला. धाकटीचा कुणी सत्कार वगैरे केला नाही. गाडीचं बुकिंग रद्द करावं लागलेल्या दोघातिघांनी तिच्याशी बोलणं टाकलं. मिशाळ कॅप्टन अजून समोरून आला की घड्याळ बघतो. ती सगळ्यांना हाक मारून नमस्कार करते. "बोलतील," म्हणते, "धुकं पडू दे."

मागच्या आठवड्यात मी तिच्याकडे गेलो, तेव्हा सासरे पलंगावरून उठत होते. डावा हात धाकटीच्या खांद्यावर, उजवा पाय फरशीवरून घासत. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. तिने मला डोळ्यांनी खूण केली. मी तो उचलून तिच्या कानाला लावला.

पलीकडे कंपनीचा माणूस असावा. धाकटी अगदी गोड आवाजात म्हणाली, "आज संध्याकाळी? नाही जमणार. माझी सुट्टी आहे." मग थोडं ऐकून, "हो, मला कल्पना आहे. तरीही नाही."

सासऱ्यांनी थांबून विचारलं, "कोण?"

"ऑफिस. तुम्ही थांबलात कशाला? चला."

गॅलरीत पोचल्यावर त्यांनी तिच्या खांद्यावरचा हात काढला आणि कठडा धरला. धरला तो उजव्या हाताने, हे आमच्या जरा उशिराच लक्षात आलं.