खंडेनवमीचं गंध आणि लेकीचा हात

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांची पूजा असते. हत्यारं म्हणजे काय, तर बायकोची ब्लाउज बेतायची कात्री, माझ्या स्कूटरची किल्ली आणि चितेगावच्या कारखान्यात मी जे स्टोअर सांभाळतो तिथल्या चाव्यांचा जुडगा. "यांचं हत्यार म्हणजे कुलूप," असं बायको दरवर्षी पाहुण्यांना सांगते आणि पाहुणे दरवर्षी हसतात. मीही हसतो. दुसरं करणार काय!

यंदा पाटावर एक नवं हत्यार आलं. आमची लेक इथल्याच एका मेडिकल कॉलेजात सर्जरी शिकते. त्यांच्या विभागात सरावासाठी डोळ्यांवर बांधायचं एक यंत्र आलंय. घोड्याला झापडं बांधावीत तसं ते दिसतं, पण बांधलं की समोर अख्खं ऑपरेशन थिएटर उभं राहतं. हातात दोन मुठी धरायच्या. आत त्यांचा चिमटा आणि कात्री होते. सरांनी सुट्टीपुरतं ते तिला घरी नेऊ दिलं होतं. कारण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हर्सूलच्या एका बाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं, दुर्बिणीचं, आणि ते पहिल्यांदाच आमच्या लेकीनं करायचं होतं. सर शेजारी उभे राहणार, पण हात हिचे.

"ते पण ठेव पाटावर," बायको म्हणाली.

"आई, कॉलेजचं आहे ते!"

"मग? कॉलेजच्या वस्तूला पूजा चालत नाय का?"

एवढं बोलून तिनं त्या यंत्राच्या काळ्याभोर कपाळावर ओल्या गंधाचं चांगलं ठसठशीत स्वस्तिक काढलं, अक्षता वाहिल्या, वर झेंडूचं फूल ठेवलं. मी मनोभावे हात जोडले.

दुपारी जेवणं झाल्यावर लेकीनं हॉलच्या मधोमध उभं राहून सराव सुरू केला. हवेत कापाकापी करणाऱ्या माणसाकडं न हसता बघणं अवघड असतं, म्हणून मी पेपर तोंडासमोर धरला होता. थोड्या वेळानं तिचं चुकचुकणं ऐकू यायला लागलं. मग तिनं यंत्र काढलं. चेहरा पांढरा पडला होता.

"पप्पा, हात थरथरायलाय."

"कुणाचा?"

"माझा! कालपर्यंत नव्हता. जी नळी चुकूनसुद्धा कापायची नाही, तिच्यापाशीच कात्री नाचायलीय."

तिनं पुन्हा बांधलं, पुन्हा काढलं. पुन्हा बांधलं. शेवटी सोफ्यावर बसली आणि फोन हातात घेतला. "सरांना सांगते, परवा दुसऱ्या कुणाला द्या. त्या बाई वॉर्डात मला 'पोरी, नीट कर गं' म्हणाल्यात. असल्या हातानं नाही करणार मी."

अशा वेळी बापानं काहीतरी धीराचं बोलायचं असतं. मी म्हणालो, "अगं, आपल्या घराण्यातच आहे ते. तुझ्या आजोबांच्या हातात चहाची बशी कधी स्थिर राहिली नाही. माझंही तसंच."

"धीर द्यायलात का कुळाचार सांगायलात?" बायको कडाडली.

चूक भरून काढावी म्हणून मी ते यंत्र स्वतः बांधून बघितलं. इंजेक्शनची सुई दिसली तरी मान फिरवणारा माणूस मी. समोर निळ्या कापडातून उघडं पोट. मी कात्री धरली, तर ती लेझीम खेळायला लागली. "बघ, माझीपण!" मी आनंदानं ओरडलो. हा पुरावा कुणीच मानला नाही.

"आणा इकडं," म्हणत बायकोनं ते बांधलं. भारी रेशमी कापडावर एका दमात कात्री चालवणारी बाई ती. दोनदा कात्री चालवून बघितली आणि मग तिचा आवाज चढला. "माझा हात? माझा हात थरथरायलाय? ह्या डब्यालाच काहीतरी झालंय!"

लेक ताडकन उठली. यंत्र आईच्या डोळ्यांवरून उतरवून तिनं उलटसुलट केलं. त्या काळ्या कपाळावर बारीक कॅमेरे असतात, त्यांच्यातूनच यंत्राला आपले हात दिसतात; नीट दिसले नाहीत की आतली कात्री नाचते. त्यांच्यावर गंध वाळून बसलं होतं आणि एका कॅमेऱ्यावर अक्षतेचा दाणा पक्का चिकटलेला.

"आई!"

"पुसू नको हं. दसऱ्यापर्यंत राहू द्यायचं असतं," बायको सवयीनं म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. "अगं बाई, डोळेच लिंपले की मी त्याचे!" पदराचं टोक ओलं करून ती धावली. लेकीनं तिला अडवलं, चष्मा पुसायचं मऊ कापड मागून घेतलं आणि सगळं साफ केलं.

कात्री स्थिर झाली. मला वाटलं, आता ही हसेल. ती म्हणाली, "यंत्राकडं बघायचं सुचलंच नाही मला. सरळ स्वतःलाच नापास करून मोकळी झाले. फोन लावणारच होते."

"लावला तर नाय ना?" बायको म्हणाली. "चल, परत कर. मी बसते इथं."

आणि ती खरंच संध्याकाळपर्यंत तिथं बसली. काही दिसत नव्हतं तिला, तरी मधूनमधून "सावकाश" म्हणत होती.

ऑपरेशनच्या दिवशी मी स्टोअरमध्ये एका माणसाला नटबोल्टऐवजी ग्रीसचा डबा दिला. तो बिचारा घेऊनही गेला. जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला.

"झालं पप्पा."

"आणि हात?"

"थरथरला. पित्ताशयाची नळी बंद करायची पहिली क्लिप लावताना. खरंच थरथरला."

मी शेजारच्या खोक्यावर बसलो. "मग?"

"मग थांबले. हात शांत झाला, मग लावली. पुढचं सगळं मीच केलं. बाई शुद्धीवर आल्यात, चहा मागायल्यात, आणि मी इतक्यात नाही म्हणायलेय."

मागून एका बाईंचा ओढलेला, पण चांगला खणखणीत आवाज आला, "अर्धा कप तरी दे की गं पोरी!"