बेटावरचं पावणं

आमचं रस्सा मंडळ कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं. कुठंतरी चूल मांडायची, मटण शिजवायचं, ओरपायचं आणि झाडाखाली पडी टाकायची, एवढाच कार्यक्रम! चुलीभोवती चार टाळकी बसली की किस्से आपोआप साठतात, आणि सांगताना थोडं तिखटही वाढतं. बेटाचे किस्से मात्र आम्ही पदरचं मीठसुद्धा न घालता सांगतो. तेही दिवसाउजेडी.

*

पाडवा नुकताच झाला होता. कुरुंदवाडच्या पुढं कृष्णेत एक बेट आहे. करंजाला कोवळी पालवी, गार वारा आणि माणूस औषधालाही नाही! म्हातारा नावाडी आम्हाला सोडताना म्हणाला, "पावणं, जेवा, पवा, झोपा. पर हितं कुणाला घरला या म्हनू नगासा."

शिवादादा हसला. दादाचं स्पेअर पार्टचं दुकान आहे, पण मंडळाचा आचारी तोच. आपल्या दारातून पावणा कधी उपाशी गेला नाही, ही त्याची एकच मिजास. "आजोबा," तो म्हणाला, "कोल्हापूरच्या माणसाला हे जमायचं न्हाय!"

*

रस्सा उकळला तसा करंजाआडून एक माणूस आला. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. मला वाटलं आमच्यातल्या बाळूच्या ओळखीचा, बाळूला वाटलं माझ्या. जेवायच्या आधी नाव विचारणं आमच्यात बसत नाही.

"या पावणं, टेका!"

तो दादाशेजारी टेकला. "लई दिसांनी कुणी वाढलं," म्हणाला.

"मग लाजू नका की!" म्हणत दादानं पळीवर पळी ओतली.

*

काय झोप लागली महाराजा! ना फोन, ना हॉर्न. जाग आली ती दादाच्या ओरडण्यानं. पावणा गायब, पण त्याची पत्रावळ भरलेली होती, भाताचं शीतही हललेलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी त्याचे भुरके कानांनी ऐकलेले!

"माझ्या रश्शाला नावं ठेवतोय व्हय?" दादाला दुसरं काही सुचलंच नाही. अपमान तेवढा झोंबला.

*

नाव निघाली तेव्हा पावणा काठावर उभा होता. दादाचा राग एव्हाना विरघळला होता. तो नावेतूनच ओरडला, "पावणं, हितलं रुचलं नसंल तर घरला या! मंगळवार पेठंत शिवादादा म्हनून कुणालाबी इचारा!"

"आमी लई जण हाय," काठावरून उत्तर आलं.

"सगळ्यास्नी घेऊन या की!"

नावाड्याचं वल्हं थांबलं. मग त्यानं घाईघाईनं नाव अलीकडच्या काठाला लावली. उतरताना बाळूनं विचारलं, "आजोबा, त्या पावण्याला कवा आणणार?"

"मी तुमास्नीच सोडलं," म्हातारा म्हणाला. "दुसरी नाव न्हाय हितं."

*

बाळूनं पंगतीचा फोटो ग्रुपवर टाकला. मधोमध एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी. शेजारी दादा, त्याचा हात हवेत, कुणाच्यातरी खांद्यावर टाकल्यासारखा. घाबरलो मी, खोटं कशाला बोलू!

दादा फोटो बघून एवढंच म्हणाला, "घरात ही एकटीच असती रं."

तेव्हापासून तो दुकानातून सारखा घरी फोन करायचा. "दार लावलंयस न्हवं?" वहिनी पार वैतागल्या.

*

परवा भर दुपारी आम्ही दादाच्या दुकानात चहा पीत होतो, तर वहिनींचाच फोन. दादाच्या हातात कप, म्हणून त्यानं स्पीकर लावला.

"अवं, किती पावणं बोलावल्यात तुमी? भायेरचा सोपा भरला, जिन्यावर बी बसल्यात."

"दार का उगडलंस?"

"मी कुठं उगडलं? सैपाकघरातनं भायेर आले, तर ही बसल्यात. बेटावरनं आलोय, एवढंच म्हंत्यात. फरशी सगळी वल्ली केली. आन एक सांगू? एवढी माणसं आल्यात, पर दारात एक बी चप्पल न्हाय."

आमच्यापैकी कुणाला त्याच्याकडं बघवेना. मग त्यानं कप खाली ठेवला आणि आवाज सावरला.

"त्यास्नी पाणी दे," तो म्हणाला. "तांदूळ जास्त टाक. मटण घिऊन आलोच मी."