भुलाबाईची खिरापत

पद्माबाईंचा स्वभाव म्हणजे एक घाव दोन तुकडे. कनेरगाव नाक्याच्या शाळेत त्या चौथीला शिकवत, मी तिसरीला शिकवायचो. 'सगळी माणसं सारखी' हा धडा दोन्ही वर्गांत व्हायचा. धडा संपला की पोरं आपापल्या जातीच्या घोळक्यात भाकरी खायला बसायची. बाईंना ते सहन होईना.

त्यांच्या वर्गात चांगुणा नावाची बौद्ध वस्तीतली मुलगी होती. ती एकटीच भिंतीला टेकून जेवायची. चौऱ्याहत्तर सालच्या भादव्यात बाईंनी शाळेतच भुलाबाईची मूर्ती बसवली. शाळा सुटल्यावर गाणी, मग रोज एकीच्या घरची खिरापत. डबा हलवून आत काय ते ओळखायचं आणि मिळून खायचं. चांगुणाच्या खिरापतीची पाळी येईल, पोरी तिच्या हातचं खातील आणि विटाळ जाईल, असं बाईंना भाबडेपणानं वाटत होतं.

तिच्या खिरापतीच्या आदल्या दिवशी चांगुणाची आई जनकाबाई शेतातल्या निंदणीवरून थेट शाळेत आली.

"बाई, आमी देव सोडलेत. भुलाबाई म्हंजी पार्वतीच ना? मंग माझ्या लेकीला काहून गुतवून राहिल्या?"

बाई गडबडल्या. हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे, जनकाबाई. पोरी तिच्यात मिसळतील."

शेजारी उभ्या चांगुणाचे डोळे भरून आले होते. जनकाबाईनं पदरानं लेकीचे डोळे पुसले आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी चांगुणा मुरमुऱ्याचे लाडू घेऊन आली. डबा हलवायला एकही पोरगी पुढे होईना. लांबूनच "लाडू! लाडू!" ओरडून सगळ्या मोकळ्या झाल्या. बाईंनी डोळे वटारून एकेकीच्या हातावर लाडू ठेवला. पोरी तो घेऊन शाळेमागे पळाल्या. चांगुणाही मागोमाग गेली, आणि परत आली ती मातीत पडलेले लाडू ओच्यात घेऊन. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण रागवायचं कुणावर? पोरींना हे घरोघरी शिकवलेलं होतं.

संध्याकाळी बाई माफी मागायला वस्तीवर गेल्या. मी सोबत होतो. जनकाबाईनं आवाज चढवला नाही.

"तुमच्या देवापुढं माझी लेक आली, बाई. आमच्या दारी तुमी येक पोरगी तरी आनली का? दसऱ्याला आमची बुद्धवंदना राहती, मंग खीर. आना त्यायला."

बाईंनी वर्गात विचारलं. झाडून सगळ्या पोरी "हो बाई" म्हणाल्या. चांगुणा त्या दिवशी हसतच घरी गेली.

दसऱ्याला वंदना झाली. बाईंनी आणि मी खीर खाल्ली. अंगणात चांगुणानं मैत्रिणींसाठी वाट्या मांडून ठेवल्या होत्या आणि तिची नजर रस्त्यावरून हलत नव्हती.

"बाई, कवा येतेन त्या?"

"येतील गं, उशीर झाला असेल," बाई म्हणाल्या. त्यांना स्वतःलाही ते खरं वाटत नव्हतं.

"तिला खोटं नका सांगू, बाई," जनकाबाई म्हणाली. "तुमी शिकवता."

बाईंनी खरं सांगितलं. चांगुणा एकेक वाटी उचलू लागली.