वर्तकनगरचा गाळा

मोहन्याहून ठाण्याला जायचं म्हणजे मला परदेशच. शर्टाची बटणं वर-खाली लागलेली, ते माझ्या मुलीने, वैशालीने, रिक्षात बसल्यावर दाखवलं. बायको गेल्यापासून निघताना मला न्याहाळणारं कोणी राहिलं नाही.

मी कामाला होतो तो कारखाना बंद पडला तेव्हा मी ओट्यावर बसून सगळ्यांना शिव्या दिल्या. बायकोने घरात मसाला करायला घेतला. पुढे तिने स्वतःचं कांडप (मिरची-मसाला कुटायचं यंत्र) घेतलं आणि मी मालक म्हणून मिरवलो. आता धंदा वैशाली बघते. पण आम्ही बौद्ध. आमच्या वस्तीत मसाला खपतो, बाहेरचे आडनाव ऐकून ‘घरात आहे’ म्हणतात. तिला ठाण्यात दुकान हवं होतं, जिथे गिऱ्हाईक आधी वास घेईल, मग जात विचारेल.

कल्याणला बस धरली. दुर्गाडीचा पूल मागे पडतो न पडतो तोच सगळी बस शिंकायला लागली. माझ्या मांडीवरची पिशवी फाटलेली.

“काका, बॉम्ब आहे का आत?” पुढच्या सीटवरची बाई म्हणाली.

“मसाला आहे.”

“मग पाव किलो द्या ना!”

वैशालीने बसमध्येच विकला. शिंकांपायी बाईला आडनाव विचारायला सवड झाली नाही.

वर्तकनगरात जुन्या इमारतीखाली गाळा. समोर आंब्याचं झाड, शेजारी दवाखाना. एकट्या पोरीला कोणी गाळा देत नाही, म्हणून वडीलधारा माणूस हवा, तो मी. “बाबा, तुम्ही फक्त मान हलवायची,” तिने बजावलेलं.

गाळ्याचे मालक निवृत्त साहेब. चहा दिला. “गाव कुठलं आपलं?”

“साताऱ्याकडचं,” मी म्हणालो.

“अरे वा! म्हणजे पाटील-बिटील की काय?”

“काका, आधी मसाला चाखा,” वैशाली मध्येच म्हणाली.

त्यांनी बोट चाटलं. “वा! आमच्या आईच्या हातची चव! ठरलं, उद्या करार करू.”

मला एवढा आनंद झाला की उठताना हात जोडून सवयीने म्हणालो, “जय भीम साहेब!”

त्यांचा हात चाव्यांकडे चाललेला, तो मध्येच कान खाजवायला गेला. “जरा मिसेसना विचारून कळवतो,” म्हणाले.

रस्त्यावर वैशाली म्हणाली, “मान हलवायला सांगितलेली. तोंड कोणी सांगितलेलं?”

“गाढव आहे मी.”

“नाही हो बाबा. करारावर आडनाव येणारच होतं. तुमच्यामुळे एक दिवस आधी कळलं, एवढंच.”

आणि ती रडायला लागली. मी रुमाल दिला. तो फाटक्या पिशवीखाली राहिलेला, मसाला माखलेला. पोरीने डोळ्यांना लावला मात्र, दवाखान्याच्या नळावर अर्धा तास गेला. “आई असती तर तुम्हाला घरीच ठेवलं असतं,” डोळ्यांवर पाणी मारत ती म्हणाली. खरंच होतं ते. मलाही रडू आलं, बिनमसाल्याचं.

घरी पोचून चहा टाकतोय तर साहेबांचा फोन. गाळा भाच्याला द्यायचं ठरलं. पण तो मसाला मिसेसना फार आवडलाय, किलोभर पोचवाल का?

“मसाला आहे की काका,” वैशाली गोड आवाजात म्हणाली. “पण ठाण्यात आमचं दुकान नाही ना. मोहन्याला यावं लागेल. बौद्धवाडा विचारा, कोणीही दाखवेल.”

पुढच्या आठवड्यात आम्ही दुसरा गाळा बघायला जाणार आहोत. साहेब अजून आलेले नाहीत. वाट तशी सोपी आहे, रिक्षा, बस, पुन्हा रिक्षा. माझ्यासारखा अडाणी माणूस जाऊन आला, शिकलेल्याला जमायला हरकत नाही.