अंगकोरची सहल

१९९३ साली मी कंबोडियात शांतिसेनेच्या फील्ड हॉस्पिटलमध्ये नर्सिंग ऑफिसर होते. हुद्दा कॅप्टन, गाव अकोले. काम ठरलेलं: सकाळी सहाला राउंड, मग ड्रेसिंग, मग मलेरियाचे पेशंट. तीन महिन्यांनी एका रविवारी आम्हा नऊ जणांना अंगकोरची जुनी मंदिरं बघायला जाण्याची परवानगी मिळाली. दोन गाड्या निघाल्या. पार्टी कमांडर मी.

माझी गाडी नाईक सुभाष साळवे चालवत होता. सोनईचा, बौद्ध घरातला. जिल्हा एकच, म्हणून माझी थट्टा करायची मुभा त्याने स्वतःच घेतली होती.

"मॅडम, तुमी अकोल्याच्या. झाडं-डोंगर बघायला तुमाला परदेश कशाला?"

त्याच्या आईने पत्रातून त्याला बुद्धापुढे मेणबत्ती लावून तीन फेऱ्या घालायला सांगितलं होतं.

दुपारपर्यंत मोठी मंदिरं बघितली, कमळांच्या तळ्याकाठी फोटो काढले. एक-चाळीसला एका लहान, पडक्या मंदिरापाशी थांबलो. आत बुद्धमूर्ती होती. समोरची वाट सुरुंग काढून मोकळी केलेली, दोन्ही बाजूंना लाल खुणा. खुणांबाहेर पाय टाकायचा नाही, हे मी सकाळीच सगळ्यांना बजावलं होतं. साळवेने मेणबत्ती लावली, बूट काढले आणि फेऱ्या घालू का म्हणून विचारलं. मी घड्याळ बघून पाच मिनिटं दिली. फेरीत मागची, सुरुंग न काढलेली बाजूही येते, हे त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

एक-बावन्नला स्फोट झाला.

मंदिराच्या दगडी ओट्यावरून तो दिसत होता. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. सगळे धावले. मी त्यांना जागेवर थांबवलं. एका सुरुंगाशेजारी दुसरा असतो.

रेडिओवर हेलिकॉप्टर मागितलं. "वन कॅज्युअल्टी, माइन."

"चाळीस मिनिटं. ओव्हर."

आमच्यातला सॅपर हवालदार, सुरुंग काढण्याचं शिक्षण घेतलेला, पोटावर झोपून, संगिनीने जमीन टोचत इंचाइंचाने पुढे सरकू लागला. मी ओट्यावरून साळवेशी बोलत राहिले. पट्टा काढ. मांडीला बांध. अजून आवळ. त्याने सगळं केलं, पण हातात जोर उरला नव्हता.

"तुमी या ना, मॅडम."

"येते. आवळून धर."

हे दोनदा झालं. तिसऱ्यांदा तो बोलला नाही.

दोन-एकवीसला वाट तयार झाली. मी पोचले तेव्हा नाडी लागत नव्हती. साळवे एकोणतीस वर्षांचा होता.

सुट्टीवर आल्यावर सोनईला गेले. त्याच्या आईला सगळं सांगितलं, परवानगी माझी होती हेही. तिने एकच विचारलं, "तुमी किती लांब हुता?"

नंतर मी ते अंतर मोजलं होतं. चौदा पावलं. ती म्हणाली, तिला तसं समजत नाही. मग मी तिच्या दारापासून चालून दाखवलं. चौदाव्या पावलाला मी अंगणातल्या नळापाशी होते.

ती उंबऱ्यावर बसून बघत होती.

"एवढंच?"

"हो. एवढंच."