आटोपशीर फिर्याद

ती घटना आठवण्यासाठी मला काही करावे लागत नाही. दिवाळीनंतर आमच्या कोरेगावच्या शिवारात मेंढरांचे कळप उतरू लागले की ती आपोआप समोर उभी राहते. सेवेत असताना मी अनेक गुन्ह्यांचा तपास केला, बक्षिसेही घेतली. हे प्रकरण मात्र गेल्या वर्षीपर्यंत कधी कुणाला सांगितले नाही. कुणाचे नाव न घेता आज सांगतो. यात चूक माझी आहे, एवढे आधीच नोंदवतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आटपाडीच्या बाजूला, दुष्काळी पट्ट्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. एके दिवशी सकाळची हजेरी आटोपत असताना एका मेंढपाळाची तरुण बायको सासऱ्याबरोबर पायी चालत ठाण्यात आली. नवरा कळप घेऊन पश्चिमेकडे गेलेला. आदल्या दिवशी भर दुपारी, सासू-सासरे रानात असताना, गावातला एक वजनदार माणूस घरात शिरला आणि त्याने जबरदस्ती केली, अशी तिची तक्रार होती.

ठाण्यात तेव्हा महिला शिपाई नव्हती. पोलीस लाइनीतून एका हवालदाराच्या पत्नीला बोलावून तिच्या शेजारी बसवले, सासऱ्याला बाहेर थांबवले आणि मी स्वतः लिहायला बसलो. जवळजवळ दोन तास ती बोलत होती. मी लिहीत होतो त्यापेक्षा गाळत जास्त होतो. माझ्या पहिल्या वरिष्ठांनी मला शिकवले होते की फिर्याद आटोपशीर ठेवावी. जितके जास्त लिहाल तितके आरोपीच्या वकिलाला धरायला सापडते. माझ्या आटोपशीर फिर्यादींचे जिल्ह्यात कौतुक व्हायचे. मला त्याचा अभिमान होता.

ती सांगत होती, "झोळीत माजी ल्येक निजली हुती. त्यानं झोळीची दोरी धरली आन् म्हनला, वरडलीस तर हिला भुईवर आपटीन. म्हनून म्या गप ऱ्हायले."

मी विचारले, "लेकराला काही झालं का?"

"न्हाई."

"मग ते राहू दे. पुढं सांग."

"आवं सायेब, त्येच तर सांगतीया…"

"बाई, तुझ्यावर काय झालं तेवढंच सांग."

ती जरा थांबली आणि पुढचे सांगू लागली. दीड पानात फिर्याद बसली. त्यात 'इच्छेविरुद्ध' आणि 'जबरदस्तीने' हे शब्द होते. झोळी नव्हती. तिने अंगठा दिला.

पंचनामा झाला, वैद्यकीय तपासणी झाली. अंगावर जखमा नव्हत्या. आरोपी पसार होता. तिसऱ्या दिवशी एसटी स्टँडवरच्या पानपट्टीवाल्याने सुपारी कातरता कातरता खबर दिली, "सायेब, तुमचं पावणं वडूजला हायती. भनीच्या घरी. चुलीम्होरं बसून भाकरी मोडत्यात लय झोकात." दुपारपर्यंत आम्ही त्याला ताब्यात घेतले.

चौकशीत तो सासुरवाडीला आल्यासारखा ऐसपैस बसला.

"राजीखुशीचा मामला हाय सायेब. ती वरडली न्हाई, बोचकारलं न्हाई. अंगावर येक ओरखडा हाय का, बगा की."

मी काही बोललो नाही. माझा अनुभव असा की खोटे बोलणाऱ्याला समोरच्याची शांतता सोसत नाही. तो खुर्चीत चुळबुळला आणि म्हणाला, "आन् लेकराला तर म्या बोट बी लावलं न्हाई."

लेकराचा विषय कुणीच काढला नव्हता. फिर्यादीतही तो नव्हता.

"लेकराला काय होणार होतं?" मी विचारले.

त्याने खाली पाहिले आणि पाणी मागितले.

तपासातला तो निर्णायक क्षण होता. मी मात्र हादरलो ते स्वतःच्याच चुकीने. बाईला, किंवा तिच्या जिवाभावाच्या माणसाला, जिवाची अथवा दुखापतीची भीती घालून मिळवलेली संमती ही संमतीच नव्हे, असे कायद्यात तेव्हाही स्पष्ट होते. ती गप्प राहिली हे आरोपीचे सगळे बळ होते, आणि ती का गप्प राहिली हे मी 'राहू दे' म्हणून बाजूला सारले होते. आरोपी पोलिसांपुढे जे बोलला ते कोर्टात चालत नाही. एकच मार्ग होता. तिला बोलावून पुरवणी जबाब घ्यायचा. पण मग पहिल्या फिर्यादीत हे का नाही, असा प्रश्न आला असता आणि बोट माझ्याकडे वळले असते. ती कोर्टात सांगेलच, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि दोषारोपपत्र पाठवून दिले.

खटला उभा राहायला अडीच वर्षे गेली. कोर्टात तिने झोळीसकट सगळे सांगितले. फिर्यादीत हे नाही, असे आरोपीचे वकील म्हणाले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "म्या सांगितलं हुतं. सायबास्नी इचारा."

मला विचारले गेले. साक्षीदाराने धमकीची गोष्ट तुम्हाला सांगितली होती का? या प्रश्नाचे एक ठरलेले उत्तर असते. आम्ही ते एकमेकांकडून शिकतो आणि सवयीने देतो. मी शपथेवर ते दिले, "नाही. सांगितली असती तर मी लिहिली असती."

ती मागच्या बाकावर बसली होती. मी तिकडे पाहिले नाही.

जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, धमकीची गोष्ट नंतर जोडलेली. आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. आवारात तिचा नवरा तिला म्हणत होता, "तू सांगितलं असतंस तर लिवलं नसतं व्हय सायबांनी?" मी ऐकले आणि जीपकडे चालू लागलो.

तेव्हापासून मला ती एक सकाळ परत हवी आहे. तेच टेबल, कार्बन घातलेले कोरे कागद, समोर ती. मी तिला थांबवणार नाही. दहा पाने होवोत, वीस होवोत. बढतीची स्वप्ने कधीच विरली. हे एकच स्वप्न अजून पडते आणि जागा झालो की हात रिकामा असतो.

निवृत्तीनंतर दर वर्षी पूर्वेकडचे कळप आले की मी शिवारात जाऊन चौकशी करायचो. मेंढपाळ चेष्टा करायचे, "सायेब, मेंढरं घ्यायची हायती का चोर धरायचा हाय?" गेल्या वर्षी ती भेटली. केस पांढरे झालेले. कोकरांना जाळीत घालत होती. मी ठाण्याचे नाव सांगितले, तशी ती ताठ उभी राहिली.

मी सांगितले, "तुम्ही पहिल्याच दिवशी मला झोळीचं सांगितलं होतं. मी लिहिलं नाही. कोर्टात खोटं बोललो."

तिने हातातले कोकरू जाळीत सोडले.

"म्हंजे म्या सांगितलं हुतं," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटाय लागलं हुतं, माजंच डोस्कं फिरलंया. समदी म्हनायची, ठाण्यात इसरलीस आन् मागनं जोडलंस." मग तिने बांधाकडे तोंड करून हाक मारली, "आवं, हिकडं या!"

नवरा काठी टेकत आला.

"आता मला सांगितलंसा, त्ये ह्यास्नी सांगा."

मी पुन्हा सगळे सांगितले. तो तिथेच ढेकळात बसला. "इतकी वरसं…" म्हणाला आणि तिच्याकडे बघू शकला नाही. काहीतरी बोलायचे म्हणून शेवटी पुटपुटला, "च्या टाक की सायबास्नी."

"न्हाई टाकायची," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तवा लिवलं न्हाईसा. आता लिवा."

बाई गप्प राहिली म्हणजे तिने होकार दिला, असे मानणारे खूप भेटतील. तपास करणाऱ्याने ती का गप्प राहिली हे विचारायचे असते, आणि तिने सांगितलेले जसेच्या तसे लिहायचे असते. सगळी नोकरी संपल्यावर मी एवढे शिकलो.

म्हणून लिहून देतो की, फिर्यादी बाईने पहिल्याच दिवशी, स्वतःहून, लेकीच्या जिवाबद्दल दिलेल्या धमकीची हकीकत मला स्पष्ट सांगितली होती. ती मी लिहून घेतली नाही. न्यायालयात विचारले असता मी खोटे सांगितले. ती खरे बोलत होती. हा माझा जबाब वाचून पाहिला, बरोबर आहे.