थोरल्यांच्या गाडीचे ब्रेक

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणारा हा गृहस्थ पंचेचाळिशी ओलांडून गेला, केस पिकले, त्याचं त्यालाच जवळचं दिसेनासं झालं, तरी गल्लीत सगळे त्याला धाकटा म्हणत. थोरला भाऊ वगैरे कोणी नव्हता. थोरले म्हणजे वडील. त्यांचा आवाज मोठा, राग मोठा, आणि हसणं असं की समोरच्या घरातलं झोपलेलं मूल दचकून उठावं. अशा माणसाच्या पोटी जन्माला आलं की माणूस आयुष्यभर धाकटाच राहतो, त्याला इलाज नाही.

थोरले जाऊन वर्ष होत आलं होतं. साध्या आजारानं, घरच्या अंथरुणावर गेले आणि मागे आपली जुनी गाडी ठेवून गेले. धाकटा तीच चालवायचा. सीटला त्यांच्या बसण्याचा खळगा पडला होता. आरशाचा स्क्रू ढिला होता, त्यामुळे सकाळी नीट लावलेला आरसा दोन खड्डे गेले की खाली घसरायचा, नेमका थोरल्यांच्या उंचीला यायचा, आणि धाकट्याला त्यात स्वतःची फक्त हनुवटी दिसायची. ज्याचा अख्खा दिवस चष्म्यांचे स्क्रू आवळण्यात जातो, त्यानं हा एक स्क्रू काही आवळला नव्हता. का, ते त्याला विचारू नये.

आणि ब्रेक. घराच्या वळणावर गाडी आली की ते किंचाळायचे. शेजारीपाजारी म्हणायचे, थोरले आले, आता आपापले आवाज बंद करा. कुणी बदलून घ्या म्हटलं, की थोरले म्हणत, "आवाज आहे म्हणजे ब्रेक आहे." पुढे बोलायची सोय नव्हती.

आईची आठवण ते असतानाच गळायला लागली होती. ते गेल्यावर ती पार विसकटली. ते गेले, हेच तिच्याजवळ टिकेना. सुरुवातीला घरचे सांगायचे, पण दर वेळी ती बातमी नव्यानं ऐकून नव्यानं रडायची. म्हणून सांगणं सोडलं. संध्याकाळी ती खिडकीशी बसायची, वळणावर ब्रेक किंचाळले की तिच्या चेहऱ्यावर जीव यायचा, आणि धाकटा दारात आला की म्हणायची, "आज उशीर केलात."

पहिल्यांदा तो म्हणाला होता, आई, मी आहे. ती अशी भेदरली, की पुन्हा त्याची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवसापासून तो नुसतं खाकरायचा, "हो, झाला जरा," म्हणायचा आणि किल्ली थोरल्यांच्या खिळ्याला अडकवायचा. मग ते खाकरणं दुकानातही यायला लागलं. बायको एकदा सकाळी चहा देताना म्हणाली, तू झोपेत बाबांसारखा खाकरतोस, मला भीती वाटते. भीती त्यालाही वाटत होती. कधीकधी त्याला वाटे, थोरले कुठेही गेलेले नाहीत. गेलो तो मीच.

हे असंच चाललं असतं. पण एका सकाळी लेकीला शाळेत सोडायला निघालेला असताना चौकात दिवा लाल झाला, त्यानं ब्रेक दाबला, आणि गाडी किंचाळत किंचाळत पुढेच गेली. समोरून एक बाई सायकलवरून चालली होती. ती वाचली ते तिच्या चपळाईनं. मागच्या सीटवरून लेकीचा डबा गडगडत त्याच्या पायाशी आला. लेक शांतपणे म्हणाली, "आजोबांची गाडी थांबत नाही ना?" घरी ही हकिगत कळल्यावर बायकोनं गाडीची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि ब्रेक बदलल्याशिवाय मिळणार नाही म्हणून बजावलं.

मिस्त्रीनं गॅरेजात चाक काढून दाखवलं. पॅड झिजून पत्र्याला टेकले होते, आणि ते ज्या डिस्कला आवळतात, तिच्यावर बोट लागेल एवढ्या खाचा पडल्या होत्या. दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि पॅड, सगळं बदला, म्हणाला. धाकटा समोरच्या पार्ट्सच्या दुकानात गेला.

दुकानदारानं काउंटरवर पॅडचे तीन डबे मांडले. एक स्वस्त आणि कडक, टिकतो भरपूर, पण गार असताना उशिरा पकडतो आणि बोंबलतो. दुसरा गाडीबरोबर मुळात येतो तसलाच. तिसरा मऊ, अजिबात आवाज नाही. धाकट्यानं पहिला उचलला आणि विचारलं, हा नक्की आवाज करेल ना? दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक चेष्टा करतंय. तो म्हणाला, लोक आवाज जावा म्हणून येतात, साहेब. धाकट्यानं आणखी विचारलं, की डिस्क जुनीच ठेवली आणि हे पॅड घातले, तर आवाज आधीसारखा येईल का?

"येईल की. थांबायला वेळ लागेल, एवढंच," दुकानदार म्हणाला. "गाडी तुमची, पाय तुमचा."

धाकटा तो डबा हातात धरून बराच वेळ उभा राहिला. दुकानदारानं दरम्यान दोन गिऱ्हाइकं उरकली. डब्यात थोरले होते. त्याच्या आईची संध्याकाळ होती. त्याला लेकीचा डबा पायाशी गडगडत येताना ऐकू आला. त्यानं पहिला डबा परत ठेवला, दोन नव्या डिस्क आणि आवाज न करणारे पॅड घेतले. आपण वडिलांना दुसऱ्यांदा पोचवून आलो असं त्याला वाटलं.

संध्याकाळी गाडी वळणावर आली, थांबली, आणि कुणाला काही कळलं नाही. तो दारात उभा राहिला. खाकरायचं त्यानं मुद्दाम टाळलं. आईनं मान वळवली, डोळे बारीक करून पाहिलं.

"अरे बाळ, तू कधी आलास?"

वर्षभरात पहिल्यांदा ती त्याला ओळखत होती. तो तिच्या पायाशी बसला. तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला, किती रे पिकलास म्हणाली, दुकान कसं चाललंय विचारलं. धाकटा इतका सुखावला, की स्वयंपाकघराच्या दारात आलेल्या बायकोला त्यानं हातानंच थांबवलं. बाहेर उजेड कमी व्हायला लागला. आईचा हात थांबला. ती खिडकीबाहेर पाहायला लागली.

"हे आले नाहीत अजून. असा उशीर करत नाहीत कधी. गाडी आहे ना तुझ्याकडे? जरा बघून ये."

तो निघाला. बायको म्हणाली, नुसता कोपऱ्यापर्यंत जाऊन ये. पण गाडीत बसल्यावर तो खरंच शोधायला लागला. थोरल्यांचं जुनं ऑफिस, ते उभे राहायचे तो पेपरचा स्टॉल, मित्राच्या घराचा जिना. प्रत्येक ठिकाणी गाडी बिनबोभाट थांबली, आणि तो काच खाली करून माणसांकडे पाहत राहिला. पांढरी डोकी पुष्कळ होती.

तो परतला तेव्हा आई खिडकीतच होती. गाडीचा आवाज तिला आला नाही, पण फाटक वाजलं.

"भेटले?"

थोरले गेले त्या दिवशी तो रडला नव्हता, लोकांचं चहापाणी बघत होता. आता फाटकाची कडी धरून त्याला हुंदका आला.

"नाही गं आई. नाही भेटले."

ती थोडा वेळ रिकाम्या रस्त्याकडे पाहत राहिली.

"मग तू तरी आत ये," ती म्हणाली, आणि खिडकी लावून घेतली.